खुर्ची फिरती, वही उघडी

हातातलं काम चालू ठेवा. डाळ निवडायची असेल तर निवडत बसा, कान तेवढा इकडे द्या.

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशेबावर बोललो होतो. त्यानंतर पैठणकडच्या एका गावातून ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "आमच्या गटाला धंदा सुरू करून दोन वर्षं झाली. अध्यक्ष कष्टाळू आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ती नसली की काहीच हलत नाही. चांगली अध्यक्ष कशी असते, ते एकदा सांगा की."

प्रश्न ऐकून आम्ही एकमेकींकडे बघितलं, कारण हे सगळं आमच्यावर गुदरून गेलेलं आहे. आमचा गट मिरची पावडर आणि काळा मसाला करतो, उन्हाळ्यात पापड-कुरडया. पहिली चार वर्षं सगळा कारभार एकीच्या हातात होता. तिनं तो बळकावला नव्हता, आम्हीच तिच्या अंगावर टाकला होता. बँकेत तीच जायची. शहरातल्या दुकानदारांचे नंबर तिच्याच मोबाइलमध्ये. मसाल्याचं प्रमाण तिच्याच डोक्यात. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर तिच्या लेकीचं बाळंतपण अवघड झालं आणि तिला दीड महिना पुण्याला राहावं लागलं. फोन लागत होता, पण दवाखान्यात बसून ती किती सांगणार? आम्ही अंदाजानं मसाला केला. संभाजीनगरच्या दुकानातून सगळा माल परत आला.

मग व्हायचं तेच झालं. धने कुणी जास्त टाकले, मिरची कुणी कमी भाजली, यावरून भांडणं. दोघी गट सोडून गेल्या. ती परत आली तेव्हा म्हणाली, "मी एवढं केलं, आणि माझ्या माघारी तुम्हाला मसालासुद्धा जमू नये?" तिचं म्हणणं खरं होतं. पण तिनं आम्हाला कधी शिकवलंच नव्हतं, हेही खरं होतं.

त्यानंतर आम्ही ठरवलं, आपल्या आधी ज्या बायांनी धंदे उभे केले, त्यांनी हे कसं निभावलं ते बघायचं. आज त्यातलंच तुम्हाला सांगतो.

सुरुवात आपल्या मराठवाड्यापासून करू. १९७२ चा दुष्काळ तुमच्या-आमच्या सासवांनी पाहिला. विहिरी आटल्या, जनावरं विकली, आणि ज्या बाया कधी घराबाहेर मजुरीला गेल्या नव्हत्या त्याही खडी फोडायला बसल्या. सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. आपल्याकडच्या किती तरी बायांच्या हातात स्वतःची म्हणून पहिली मजुरी आली ती अशा कामांवर.

जुन्या बाया अजून सांगतात, खडी आम्ही फोडायचो, हजेरीपट मात्र मुकादमाकडे असायचा. किती काम झालं, किती दिवस भरले, हे त्या कागदावर जे लिहिलं असेल त्यावर ठरायचं. आणि तो वाचता येणारी बाई कामावर क्वचित. घाम बाईचा आणि वही दुसऱ्याची, असा तो मामला होता.

वही बायांच्या हातात यायला वेळ लागला. १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, राज्य सरकारनं महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केलं. त्यालाच आपण 'माविम' म्हणतो. १९९२ साली नाबार्डनं देशभरातले ५०० बचत गट बँकांना जोडून बघायचा प्रयोग सुरू केला. जमिनीचा सात-बारा नाही, दागिना नाही, तरी बायांच्या गटाला गटाच्या नावावर कर्ज मिळू शकतं, हे त्यातून रूढ झालं. २०११ साली आपल्या राज्यात 'उमेद' अभियान आलं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब, ही पंचसूत्री तुम्हाला तोंडपाठ असेल.

पण खरं सांगा, तुमच्या गटाची वही कोण लिहितं? अध्यक्षांचा मुलगा? सचिवांचे यजमान? आणि बाकीच्या दहा जणींनी ती वही शेवटची कधी उघडून पाहिली? उत्तर मनातल्या मनात द्या.

आता मुंबईला जाऊ. गोष्ट तुम्ही सगळ्यांनी खाल्लेल्या पापडाची आहे.

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बाया पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट, पार्वतीबेन ठोदाणी, उजमबेन कुंडलिया, बानुबेन तन्ना, लागुबेन गोकाणी, जयाबेन विठलाणी आणि दिवाळीबेन लुक्का. फारसं शिक्षण नाही, घरचं काम उरकून दुपारी हाताला थोडा रिकामा वेळ. येत होतं ते एकच, पापड लाटणं. छगनलाल पारेख नावाचे एक समाजसेवक होते, त्यांना सगळे छगनबापा म्हणायचे. त्यांच्याकडून बायांनी ८० रुपये उसने घेतले. त्या पैशांत एका गृहस्थाचा तोट्यात चाललेला पापडाचा धंदा आणि लागणारं सामान घेतलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकायला ठेवली.

ह्या ८० रुपयांची गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला त्यापुढच्या तीन गोष्टी जास्त कामाच्या वाटल्या.

पहिली गोष्ट पावसाची. वाळवण करणारणीला हे सांगायला नको. पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने धंदा बंद ठेवावा लागला, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी बायांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. झालं. कुठलं मशीन नाही, कुठलं अनुदान नाही. पहिल्या वर्षी कशानं अडलं ते लक्षात ठेवलं आणि दुसऱ्या वर्षीचा बंदोबस्त आधीच केला. आपल्यापैकी किती गट दरवर्षी त्याच पावसात तसेच अडतात?

दुसरी गोष्ट मालाची. सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक हलका, म्हणजे हलका स्वस्तात विकता येईल. छगनबापांनी सांगितलं, एकच पापड करा, चांगला करा, आणि दर्जात कधी तडजोड करू नका. बायांनी ते ऐकलं. आणखी एक सांगितलं होतं, धंदा धंद्यासारखा करा आणि हिशेब चोख ठेवा. तोटा झाला तरी दान मागायचं नाही, हेही सुरुवातीलाच ठरलं होतं. पहिल्या वर्षीची विक्री ६,१९६ रुपये झाली. आज हा आकडा आपण रुपयापर्यंत सांगू शकतो, याचं कारण कुणीतरी तो त्या वेळी लिहून ठेवला.

इथे छगनबापांबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. पैसे त्यांनी दिले, सल्ला त्यांनी दिला, धाकही त्यांचा असणार. पण संस्था बायांचीच राहिली. आजही तिथे सभासद होते ती बाईच. हिशेबनीस, ड्रायव्हर, रखवालदार म्हणून पुरुष पगारावर काम करतात, पण त्यांना सभासद होता येत नाही. आपल्याकडे गटाची खुर्ची बाईची आणि बोलणं यजमानांचं, असं किती ठिकाणी चालतं ते आपल्याला माहीत आहे. घरच्या माणसाची मदत जरूर घ्यावी. गाडी चालवू द्या, पोतं उचलू द्या, चार गोष्टी विचारा. पण गटाचा निर्णय बैठकीतच झाला पाहिजे.

तिसरी गोष्ट खुर्चीची. तीन महिन्यांत सातच्या पंचवीस जणी झाल्या. तिसरं वर्ष उजाडलं तेव्हा तीनशेच्या वर. एवढ्या बाया एका गच्चीवर मावेनात. मग पीठ एका जागी मळून लाट्या घरी द्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी लाटलेले पापड वजन करून, तपासून घ्यायचे, अशी रीत बसली. १९६२ साली 'लिज्जत' हे नाव ठेवलं. ते सुचवणाऱ्या बहिणीला पाच रुपये बक्षीस मिळालं! १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' हे नाव आपण तेव्हापासून ऐकतो.

तिथे सगळ्या एकमेकींना बहीण म्हणतात. एकवीस जणींची व्यवस्थापन समिती असते आणि प्रत्येक शाखेला एक संचालिका. समितीवर येते ती बहिणींमधलीच, बाहेरून आणलेली मॅनेजर नाही. पुढे अध्यक्ष झालेल्या ज्योती नाईक आणि स्वाती पराडकर ह्या दोघीही पापड लाटणाऱ्यांतूनच वर आल्या. मोठा निर्णय सगळ्यांच्या संमतीनं घ्यायचा, एकीचाही विरोध असेल तर थांबायचं, अशी तिथली पद्धत. नफा आणि तोटा दोन्ही वाटून घ्यायचे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या बायांना विचारत बसलं तर काम कधी व्हायचं? आम्हालाही हीच शंका होती. पण त्यांनी काय केलं बघा. रोजचं काम कसं करायचं, हे आधीच ठरवून टाकलं. उडीद कुठून घ्यायचा, हिंग किती, पापड किती मोठा, वजन किती, हे रोज विचारायची गरज नाही. कच्चा माल मध्यवर्ती कचेरीतून सगळ्या शाखांना जातो, म्हणून चव सगळीकडे एक राहते. रोजचं ठरलेलं असलं की बैठकीचा वेळ नवीन गोष्टींसाठी मोकळा राहतो.

त्यांचंही सगळं सरळ गेलं नाही. १९६१ साली मालाडला काढलेली शाखा चालली नाही. पुढे काडेपेटी, अगरबत्ती, चामड्याच्या वस्तू असे उद्योग करून पाहिले, तेही जमले नाहीत. खाकरा, मसाले, साबणाची पावडर जमली. जे जमलं नाही ते बंद केलं आणि पापड चालू ठेवला. आज तिथे सुमारे ४५ हजार बहिणी काम करतात. जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री मिळाली, गच्चीवरच्या त्या दिवसानंतर बासष्ट वर्षांनी. मधल्या काळात अध्यक्ष किती बदलल्या! पापड तोच राहिला.

दुसरी गोष्टही मुंबईचीच, पण ती आपल्या गावाकडच्या बायांची आहे. गिरणगावात कोकणातून, घाटावरून गेलेले गिरणी कामगार एका खोलीत दाटीवाटीनं राहायचे. बायको-मुलं गावी. त्यांना जेवू घालायच्या त्या खानावळवाल्या बाया. पहाटे चूल पेटवायची, पाळीप्रमाणे डबे भरायचे. पैसे मिळायचे कामगाराचा पगार झाल्यावर, आणि तोवर किराणा उधारीवर. उधारीवर व्याज, व्याजापायी सावकार. शंभर भाकऱ्या थापून बाईच्या हातात काय उरायचं?

गोवा मुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली ह्या बायांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, गरिबालाही कर्ज मिळावं असं धोरण आलं होतं. पण खानावळवाल्या बाईकडे तारण काय? तवा आणि परात? प्रेमाताईंनी बायांचे गट बांधले, एकीला दुसरी जामीन राहिली, आणि बँकेची कर्जं मिळाली. नाबार्डचा प्रयोग अजून सतरा वर्षं दूर होता.

इथे पुढारीण वेगळ्या तऱ्हेची दिसते. प्रेमाताई स्वतः खानावळ चालवत नव्हत्या. त्यांना बँकेची भाषा येत होती, बायांना चुलीची. ह्या दोन गोष्टी त्यांनी जोडून दिल्या. बँकेचा अर्ज समजून घ्यायचा, हप्ता ठरल्या तारखेला भरायचा, आपल्या गल्लीतल्या दुसरीचा हप्ता थकला तर तिच्या दारात जाऊन विचारायचं, हे बायाच करू लागल्या.

मग परीक्षा आली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. बरेच गावी निघून गेले. खानावळी कुणाच्या जिवावर चालवायच्या? कित्येक बायांचे पैसे बुडाले. तो संप गिरण्यांना आणि गिरणगावाला कायमचा धक्का देऊन गेला. पण अन्नपूर्णा मंडळ मोडलं नाही. बाया एकत्र होत्या, कर्जफेडीची शिस्त होती, स्वयंपाकाचा हात होता. मंडळानं कॅन्टीन, मोठ्या जेवणावळींच्या ऑर्डर, बायांना प्रशिक्षण अशा नव्या वाटा धरल्या. गिऱ्हाईक गेलं तरी गट टिकला, म्हणून नवं गिऱ्हाईक शोधता आलं. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्याच दुष्काळी भागातली. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातलं म्हसवड. तिथे चेतना गाला सिन्हा ह्यांनी गावातल्या बायांना घेऊन बायांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. कारण अर्जावर बायांचे अंगठे होते, लिहिता-वाचता येत नव्हतं. बाया खचल्या नाहीत. त्या शिकायला बसल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. साहेबांना म्हणाल्या, तुम्ही मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी सांगतो. तुमच्या माणसांना यंत्रावर करू द्या, बघू कोण आधी सांगतं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आज त्यांचा आपल्यासारखाच सामुदायिक रेडिओसुद्धा आहे.

आम्हाला ह्या गोष्टीत एक जागा फार आवडते. परवाना नाकारला तेव्हा चेतनाताई एकट्या जाऊन साहेबांशी इंग्रजीत बोलू शकल्या असत्या. त्यांनी बायांना सोबत नेलं, आणि व्याज बायांनी सांगितलं.

आता आमच्या गावात परत येऊ. हे सगळं ऐकून-वाचून आम्ही काय केलं?

आमच्या अध्यक्ष ताईंना आम्ही काढलं नाही. त्यांनीच पुढच्या बैठकीत सांगितलं, "मी आहे तोवर शिकून घ्या." मसाल्याचं प्रमाण त्यांनी तोंडानं सांगितलं आणि आम्ही वजनकाट्यावर मोजून लिहिलं. मिरची किती, धने किती, दगडफूल किती, खोबरं किती भाजायचं. त्यांच्या मुठीत नेमकं किती मावतं, हे त्यांनाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं! तो कागद आता कांडपाच्या खोलीत भिंतीवर आहे.

बँकेत आता नेहमी दोघी जातात, एक जुनी आणि एक नवी. नवी पहिल्या वेळी नुसती बघते, दुसऱ्या वेळी स्लिप भरते, तिसऱ्या वेळी बोलते. दुकानदारांचे नंबर वहीत लिहिले आहेत. बैठकीत हिशेब मोठ्यानं वाचतो, आणि वाचणारी दर महिन्याला वेगळी. आमच्यातल्या एकीला अक्षरं लावत वाचायला पंधरा मिनिटं लागतात. आम्ही थांबतो.

दोन वर्षांनी अध्यक्ष बदलली. खोटं कशाला सांगू, पहिले सहा महिने त्रास झाला. नवी अध्यक्ष शहरातल्या दुकानात भाव बोलताना गडबडली, किलोमागं कमी भाव ठरवून आली. जुन्या ताई काही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला सोबत गेल्या आणि बाहेर बाकड्यावर बसल्या. आत नवी अध्यक्षच बोलली. भाव नीट झाला. आम्हाला वाटतं, त्या दिवशी बाकड्यावर बसून राहणं हे जुन्या ताईंचं त्या सगळ्या वर्षांतलं अवघड काम होतं. सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली आहे. दुसरी अजून आली नाही. तिच्या घरी आम्ही संक्रांतीला वाण घेऊन जातो.

तर पैठणकडच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं आमचं उत्तर हे असं आहे. तुमची अध्यक्ष चांगली आहे, तिला आणखी चांगलं व्हायला तुम्हीच मदत करा. पुढच्या बैठकीत एक करून बघा. अध्यक्षांना म्हणा, "ताई, आज तुम्ही आलाच नाहीत असं समजा." त्यांना शांत बसू द्या आणि बाकीच्यांनी महिन्याचं काम चालवून बघा. कुठं अडतं ते लिहा. बँकेचं पासबुक सापडेना? मालाचा भाव कुणालाच माहीत नाही? जे जे अडेल ते कुणाला आणि कधी शिकवायचं, हे अध्यक्षांनी त्याच बैठकीत सांगायचं. भांडू नका, हसत-खेळत करा, चहा ठेवा.

आणि ज्या अध्यक्ष ताई आज हे ऐकत आहेत त्यांना आमचं हात जोडून सांगणं आहे. तुमच्यावाचून गटाचं अडतं, हे ऐकायला बरं वाटतं. आमच्या ताईंनाही वाटायचं. पण तुमच्या लेकीचं बाळंतपण येणार आहे, सासूचं दुखणं येणार आहे, तुम्हालाही कधी ताप येणार आहे. त्या दिवसांत तुम्हाला निवांत अंथरुणावर पडता आलं पाहिजे, लेकीच्या उशाशी बसता आलं पाहिजे. त्यासाठी तरी वही आजच उघडा.

पुढच्या भागात आपण पॅकिंगवरच्या लेबलबद्दल बोलणार आहोत. वजन, तारीख, भाव काय काय लिहावं लागतं ते बघू. तुमच्या बैठकीत काय अडलं ते फोन करून नक्की कळवा. बरं, डाळ निवडून झाली असेल. येतो आम्ही. नमस्कार.